शिडाच्या सहलीचं पंचांग

सहल ठरली की आपल्याकडे आधी ठिकाणांची यादी होते. सात दिवस, नऊ गावं, रोज पहाटे सहाला गाडी सुटणार, हा आराखडा कोल्हापुरातल्या बहुतेक घरांना पाठ असतो, आणि रस्त्यावरच्या प्रवासात तो बऱ्यापैकी निभावतोही. उष्ण समुद्रातल्या बेटांभोवती शिडाच्या बोटीतून आठवडा काढायचा बेत मात्र याच सवयीनं आखला की हमखास फसतो. गाडीला रस्ता लागतो आणि तो बाराही महिने जागेवर असतो. शिडाला वारा लागतो, आणि वाऱ्याला ऋतू असतो, दिशा असते, दिवसातल्या वेळाही असतात. त्यामुळे अशा सहलीत आधी महिना ठरवावा, मग समुद्र, मग बोट आणि ती चालवणारा माणूस; किती बेटं पाहायची हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. हा क्रम उलटा झाला की पैसे बोटीचे जातात आणि आठवडाभर ऐकायला इंजिनाची धडधड मिळते.

आधी साधा हिशेब मांडू. चाळीसेक फुटांची शिडाची बोट बऱ्या वाऱ्यात ताशी पाच सागरी मैल चालते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा हा वेग तासाला नऊ किलोमीटरच्या आसपास जातो. कोल्हापूर ते सांगली हे जेमतेम पन्नास किलोमीटरचं अंतर कापायला अशा बोटीला साडेपाच तास लागतील, तेही वारा बाजूनं किंवा मागून असेल तर. वाऱ्याच्या अगदी तोंडावर शीड चालत नाही. वारा जिथून येतो त्या दिशेपासून साधारण पंचेचाळीस अंश तिरकं जायचं, मग बोट वळवून दुसऱ्या बाजूला तितकंच तिरकं, असं नागमोडी पुढं सरकावं लागतं. म्हणजे समोर दिसणारं वीस किलोमीटरवरचं बेट प्रत्यक्षात अठ्ठावीस किलोमीटर लांब होतं. त्यात उष्ण कटिबंधात सूर्य बुडाला की अंधार झपाट्यानं पडतो, आणि पाण्याखालचे प्रवाळाचे खडक ऊन डोक्यावर असतानाच नीट दिसतात. म्हणून दुपारी तीन-चारच्या आत नांगर पडलेला बरा. भाड्याच्या बोटी रात्री चालवायला बहुतेक कंपन्यांची मनाईच असते. एवढं सगळं धरलं तर दिवसाला तीन ते चार तासांचा, तीस-पस्तीस किलोमीटरचा टप्पा हा सुखाचा टप्पा. बोटी सहसा आठवड्याच्या हिशेबानं मिळतात. पहिल्या दिवशी दुपारी ताबा आणि शेवटच्या दिवशी सकाळी परत, म्हणजे हाती पुरे पाचच दिवस उरतात. त्यातला एक वाऱ्यासाठी मोकळा सोडला की चार टप्पे. नऊ बेटांची यादी यात बसत नाही.

वाऱ्याच्या हिशेबानं समुद्रावर जाणं कोल्हापूरला परकं नाही, फक्त विस्मरणात गेलं आहे. १६६४ साली शिवछत्रपतींनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. पुढे अठराव्या शतकात तो आणि मालवण बंदर करवीरच्या छत्रपतींकडे होतं, आणि तिथलं आरमार मुंबईच्या इंग्रजांना इतकं सलत होतं की १७६५ मध्ये त्यांनी चढाई करून किल्ला घेतला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. नंतर तो करवीरकरांना परत मिळाला. अखेर १८१२ च्या तहानं मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं आणि कोल्हापूर घाटमाथ्याचं राज्य होऊन बसलं. पण त्याआधी, १७१५ च्या सुमाराला, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात आरमाराचं एक स्वतंत्र प्रकरण येतं. गगनबावड्याच्या या अमात्यांचं सांगणं आजच्या सहलीलाही लागू पडावं इतकं रोखठोक आहे: जहाजं मध्यम असावीत, वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोगच नाही अशी अवजड जहाजं करण्यात अर्थ नाही, आणि पावसाळा लागण्याच्या आत आरमार बंदरात छावणीला लावावं. राज्य चालवणारा माणूसही समुद्राचे महिने आधी मोजत होता. आज मालवणकडे जाताना गगनबावड्याचा घाट उतरणाऱ्यानं सुट्टी त्याच रीतीनं मोजावी.

तर आधी महिने. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि महाराष्ट्रातली प्रवासी जलवाहतूक साधारण मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत थांबते, हे आपल्याला ठाऊक असतं. मात्र तोच नैऋत्य मोसमी वारा अंदमान समुद्र ओलांडून थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यालाही झोडपतो, हे तिकीट काढताना ध्यानात राहत नाही. मे महिन्यात मुलांना सुट्टी म्हणून फुकेत गाठायचं, तर नेमका बिघडत्या हवेत पाय ठेवायचा. तिथला चांगला काळ साधारण डिसेंबर ते मार्च. ईशान्येचा कोरडा, बेताचा वारा आणि सपाट पाणी. एप्रिलमध्ये वारा पडतो आणि उकाडा वाढतो. सेशेल्सचं गणित वेगळं आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या या बेटांवर मे ते सप्टेंबर आग्नेयेचे व्यापारी वारे जोरात असतात, डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा पाऊस घेऊन येतो, आणि वारा दिशा बदलत असताना एप्रिल आणि नोव्हेंबर हे दोन महिने समुद्र बहुधा शांत राहतो. शाळेची वार्षिक परीक्षा लवकर आटोपत असेल तर एप्रिलमधलं सेशेल्स जमण्यासारखं आहे. नाताळ ते नववर्षाचा आठवडा सगळीकडेच सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचा. तो टाळून जानेवारीच्या उत्तरार्धात गेलं तर वारा तोच मिळतो आणि भाडं कमी पडतं.

पहिल्याच सहलीला कुठं जावं याविषयी माझं मत स्पष्ट आहे: फुकेतच्या पूर्वेचा फांगनाचा उपसागर. मुंबईहून विमानप्रवास सोपा, हे कारण दुय्यम. खरं कारण पाण्याचं आहे. फुकेत बेट आणि मुख्य भूमी यांच्या कुशीत असल्यानं हा उपसागर आडोशाचा आहे. चुनखडीच्या उभ्या कड्यांची बेटं एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि एका बाजूनं वारा आला तर दुसऱ्या बाजूला लपायला जागा मिळते. को याओ नोईसारख्या बेटावर कोळ्यांची वस्ती, भातशेती आणि रबराच्या बागा आहेत; तिथं उतरून पायी हिंडता येतं. सेशेल्समध्ये माहे ते प्रालँ हा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा टप्पा उघड्या समुद्रातला आहे. आठवड्याच्या सुरुवातीलाच असा टप्पा गाठीला पडला तर नवख्या कुटुंबातली निम्मी माणसं आडवी होतात. ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवावं. देशातलंच हवं असं वाटणाऱ्यांच्या मनात लक्षद्वीप आणि अंदमान येतील. दोन्ही सुंदर आहेत. पण लक्षद्वीपला प्रवेशपरवाना लागतो आणि राहण्याची सोय मर्यादित आहे. अंदमानात आदिवासी राखीव क्षेत्रं आणि संरक्षणाच्या कारणांमुळे हवं तिथं नांगर टाकायची मुभा नाही. आठवडाभर भाड्यानं शिडाची बोट देण्याचा धंदा तिथं अजून रुजलेला नाही. तिथं जावं, पण बेटावर मुक्काम करून.

इथं रास्त शंका येते. बेटं आणि समुद्र आपल्या दारातच आहेत, मग एवढ्या लांब कशाला? आठवडाभर बोटीत राहण्याची सोय कोकण किनाऱ्यावर फुकेतसारखी नाही, हे खरं उत्तर. तरी ही शंका झटकून टाकू नये, कारण तिच्यातच तयारीचा मार्ग आहे. परदेशी बोटीचे पैसे भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मालवणला दोन दिवस काढावेत आणि ते पर्यटक म्हणून न काढता समुद्र वाचायला काढावेत. शाळेच्या भूगोलात वाचलेले मतलई वारे आणि खारे वारे तिथं अंगाला लागतात: डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा गार मतलई वारा, दहा-अकराच्या सुमारास पडलेली हवा, आणि दुपारनंतर वायव्येकडून चढत जाणारा खारा वारा. सकाळची आरशासारखी खाडी आणि दुपारी चारची पांढऱ्या फेसाची लाट एकाच दिवशी पाहिली की लवकर निघा आणि लवकर पोचा या सल्ल्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तिथल्या कोळ्यांचा भरतीचा हिशेबही शिकून घ्यावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची. घड्याळातली नेमकी वेळ बंदरागणिक बदलते, पण उधाण कधी आणि भांग कधी हे चंद्र सगळीकडे सारखंच ठरवतो. फांगनातल्या काही बेटांच्या पोटात कड्यांनी वेढलेली तळी आहेत आणि तिथं जाण्याची गुहेची वाट पाण्याच्या ठरावीक पातळीलाच उघडी असते. सहलीचे दिवस निवडताना घरातलं पंचांग उघडलंत तर तिथला नावाडी काय बोलतो ते पहिल्याच दिवशी कळेल.

मालवणच्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट पारखून घ्यायची: भीती. आम्हाला पोहता येत नाही, ही सर्वांत मोठी अडचण म्हणून पुढं येते. कोल्हापूर हे खरं तर पोहणाऱ्यांचं गाव. पंचगंगा आणि विहिरींत सूर मारत पिढ्या वाढल्या, आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा वीरधवल खाडे याच मातीतला. पण विहिरीतलं पोहणं आणि समुद्रातलं तरंगणं यांत फरक आहे. समुद्रात दमसास दाखवण्यापेक्षा अंग सैल सोडून तरंगता येणं, लाट तोंडावर आली तरी न गडबडणं आणि ओढीच्या विरुद्ध न झगडणं जास्त कामाचं. हे तलावात महिनाभरात जमतं. ज्यांना अजिबात येत नाही त्यांनीही जाऊ नये असं नाही, मात्र त्यांनी बोट चालू असताना तरंगजाकीट काढू नये, आणि पोहणाऱ्यांनी त्यांना लाजवू नये. जाकीट मापाचं आहे का हे पहिल्याच दिवशी प्रत्येकानं घालून, पट्टे ओढून पाहायचं. लहान मुलाला मोठ्याचं जाकीट दिलं तर ते पाण्यात डोक्यावरून निसटतं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचे प्राण गेले. तारीख लक्षात घ्या. हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवसांत समुद्राचं मन पालटलेलं असतं, आणि सुट्टी मात्र तेव्हाच असते. महिना आधी ठरवा, असा आग्रह धरण्यामागं हे कारण सर्वांत वजनदार आहे.

दुसरी हरकत पैशाची. शिडाची बोट म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं बोललं जातं. भाडं माणशी नसून बोटीचं असतं, हे ध्यानात घेतलं तर चित्र बदलतं. चार झोपायच्या खोल्यांची बोट दोन कुटुंबांनी मिळून घेतली तर हॉटेल, रोजच्या फेरीबोटी आणि गाड्या यांचा खर्च वाचतो, आणि हिशेब बऱ्या हॉटेलातल्या आठवड्याच्या जवळ येऊ शकतो. मात्र भाड्याचा आकडा हा पूर्ण खर्च नसतो. चालकाचं दिवसाचं मानधन आणि जेवण, इंधन, सागरी उद्यानांचं शुल्क, चादरी-टॉवेल आणि शेवटची सफाई, आणि नुकसान झालं तर कापली जाणारी अनामत हे सगळं वेगळं विचारावं आणि लेखी घ्यावं. अनामतीचा धोका कमी करणारा विमा मिळतो का, आणि आपल्या प्रवासविम्यात शिडाच्या बोटीवरचा अपघात धरला आहे का, हेही पाहावं. पुष्कळदा तो धरलेला नसतो. बोट स्वतः हाकायची हौस असेल तर कंपन्या बहुधा प्रमाणपत्र आणि अनुभवाची नोंद मागतात. नवख्यांनी हा प्रश्नच काढू नये. त्या पाण्यात वर्षानुवर्षं वावरलेला चालक घ्यावा आणि आपल्या तांडेलाइतकाच मान त्याला द्यावा. हवा बिघडली आणि तो म्हणाला की आज निघायचं नाही, तर त्या दिवशी निघायचं नाही. हे दोन्ही कुटुंबांनी निघण्यापूर्वीच आपसात मान्य केलेलं असावं. आणि हे सगळं परक्यांचं वेड आहे असंही कुणी समजू नये. ज्या म्हादेई बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसं करणारे पहिले भारतीय ठरले, ती बोट कोल्हापूरहून सव्वादोनशे किलोमीटरवरच्या गोव्यात बांधलेली आहे.

बोट एका सांगाड्याची घ्यावी की जोडसांगाड्याची, यावर पुष्कळ लिहिता येईल, पण कुटुंबासाठी निवड अवघड नाही. एका सांगाड्याची बोट वाऱ्यात कलते, वाऱ्याकडे चांगली चढते आणि शीड चालवण्याचा खरा आनंद देते. जोडसांगाड्याची बोट फारशी कलत नाही, उथळ पाण्यात शिरते आणि तिच्यावर आजी-आजोबांना बसायला ऐसपैस जागा मिळते. म्हातारी माणसं किंवा दहा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर जोडसांगाडाच.

खरी अडचण कुणाच्या यादीत नसते, ती गोड्या पाण्याची. टाकी सहाशे लिटरची धरली आणि बोटीवर चालकासह नऊ माणसं, सात दिवस, तर माणशी दिवसाला साडेनऊ लिटर येतं. शहरांसाठी सरकारी मापदंड माणशी १३५ लिटरचा आहे. मध्ये कुठं टाकी भरता येते हे चालकाला विचारावंच, पण सवय आधी लागावी. पंचगंगेला महापूर आला की उपसा केंद्रं पाण्याखाली जातात आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडतात; २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूरनं हे भोगलं आहे. बोटीवरचा आठवडा त्याच शिस्तीचा. अंघोळ समुद्रात, मग तांब्याभर गोड्या पाण्यानं अंग निपटून घ्यायचं. भांडी खाऱ्या पाण्यानं घासून शेवटचा हात गोड्या पाण्याचा. विजेचंही तसंच: पंखे, दिवे आणि फोन बॅटरीवर चालतात, वातानुकूलनाला जनित्र लावावं लागतं आणि रात्रभर ते धडधडत ठेवलं तर शेजारच्या बोटींचीही झोप मोडते. सामान मऊ पिशवीत न्यावं, टणक बॅग ठेवायला बोटीत जागा नसते. चामड्याची चप्पल घरीच. खाऱ्या पाण्यानं ती कडक होते आणि ओल्या फळीवर घसरते.

जेवणाचं ओझं मात्र हलकं आहे. शाकाहारी घरांना उगाच धास्ती वाटते. तांदूळ, भाज्या, नारळ, फळं फुकेतच्या बाजारात मुबलक मिळतात. बरोबर भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग नेलं की आठवडा निघतो. उकळता रस्सा हलत्या बोटीवर करू नये, तो नांगर पडल्यावर संध्याकाळी. बोट लागण्यावर उपाय आदल्या रात्रीपासूनचा असतो: तेलकट जेवण टाळायचं, पण उपाशीपोटीही निघायचं नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्यापूर्वी. ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही, आणि बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. खाली खोलीत न जाता वर वाऱ्याला बसावं, नजर क्षितिजावर ठेवावी, फोन पाहू नये. आलेपाकाची वडी जिभेवर ठेवल्यानं पुष्कळांना बरं वाटतं. दोन दिवसांत शरीर बहुधा जुळवून घेतं, म्हणूनही पहिले दोन टप्पे आखूडच हवेत.

मोकळा दिवस म्हणजे पैसे वाया, असं वाटणाऱ्यांनी त्या दिवशी पाण्याखाली पाहावं. मुखवटा आणि श्वासनळी लावून तरंगताना दिसणारं प्रवाळ हेच उष्ण समुद्रातल्या बेटांचं धन आहे, आणि धावपळीची सहल त्याचं सर्वांत जास्त नुकसान करते. थायलंडमधल्या फी फी बेटांवरची माया बे ही खाडी बोटींच्या आणि माणसांच्या गर्दीनं इतकी खराब झाली की २०१८ मध्ये ती बंद करावी लागली आणि २०२२ च्या जानेवारीत निर्बंधांसह उघडली. शतकानुशतकं वाढलेल्या प्रवाळावर एक नांगर ओढला गेला की काही मिनिटांत त्याचा चुरा होतो. म्हणून नांगर फक्त वाळूत, किंवा जिथं बांधायचे तरते बोये असतील तिथं त्यांनाच. आपल्या मालवणचा समुद्रही १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथं पाय न टेकता तरंगायची सवय मुलांना लागली तर ती सगळीकडे कामाला येते. उन्हापासून मलमापेक्षा लांब बाह्यांचा सदरा बरा, पाण्यातसुद्धा, कारण काही मलमांतली रसायनं प्रवाळाला घातक ठरतात.

आता आठवड्याची मांडणी. ताबा मिळाल्याच्या दिवशी फार तर तासाभराच्या अंतरावर जाऊन नांगर टाकावा आणि उजेडात सगळ्यांनी बोट समजून घ्यावी: आग विझवायचं साधन कुठं, रेडिओवर मदत कशी मागायची, हातपंपाचं शौचालय कसं चालतं, त्यात कागद का टाकायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे टप्पे आखूड, चौथ्या दिवशी सर्वांत लांब पल्ला, पाचवा मोकळा, सहाव्या दिवशी परतीची वाट. वारा तोंडावर असेल असा टप्पा सकाळच्या शांत हवेत उरकावा. शेवटची रात्र बंदरापासून तासाभराच्या आत काढावी, आणि बोट सोडल्याच्याच दिवशीचं विमान घेऊ नये. वाऱ्यानं अर्धा दिवस मागितला तर तो देता यायला हवा. शिवाय जमिनीवर उतरल्यावरही काही तास पायाखाली बोट हलत असल्यासारखं वाटतं, आणि अशा अवस्थेत मुंबईहून कोल्हापूरचा रात्रीचा प्रवास म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही.